तिचा गाल कुणी दाखवला नाही

हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत तिला सगळे ‘सेन्सॉर’ म्हणत. तोंडावर म्हणत आणि पाठीमागेही म्हणत. हजेरीपटावरचं खरं नाव घेऊन कुणी हाक मारली तर ती ओ द्यायची नाही, इतकं ते नाव तिला चिकटलं होतं. तिनं कधी कुठल्या सिनेमाला कात्री लावली नव्हती. पण लॉन्ड्रीतल्या कुणीही रविवारी पाहिलेला हिंदी सिनेमा सोमवारी तिच्या हाताखालून गेल्याशिवाय पास होत नसे.

तिचं काम डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटांना इस्त्री करण्याचं. चादरी आणि उशांचे अभ्रे मोठ्या रोलरमधून सपाट होऊन बाहेर पडत, पण कोटाला माणसाचा हात लागतो. आधी कॉलर, मग खांदा, मग बाह्या, शेवटी पाठ. एकतीस वर्षं रोज साठ-सत्तर कोट हाताखालून गेल्यावर तिला कोटावरून माणूस कळायचा. हे साहेब डाव्या कोपरावर रेलून लिहितात. या बाईंच्या खिशात कायम काहीतरी जड असतं. हा नवीन आलेला डॉक्टर जेवून हात कोटालाच पुसतो.

सिनेमाही ती त्याच नजरेनं बघायची.

“तीन दिवस जंगलात वणवण करतेय ना ती? मग निऱ्या अशा उभ्या कशा? जंगलात इस्त्री कुणी तापवून ठेवली होती?”

रोलरवाली तिची जुनी मैत्रीण. वीस वर्षं रोलरवर उभी राहिलेली, जुन्या रडक्या सिनेमांवर जीव टाकणारी. ती कळवळून म्हणायची, “अगं, कपडे काय बघतेस, तिचं दुःख बघ ना!”

“बघतेय की. पण दुःखाला खळ घातलीय.”

हे ऐकून कपडे निवडायच्या टेबलावरच्या तरण्या पोरी खूश व्हायच्या. त्यांना जुने सिनेमे म्हणजे सगळा मेलोड्रामा वाटायचा. पण त्यांचं हसू फार वेळ टिकायचं नाही. सेन्सॉरची तोफ लगेच त्यांच्याकडे वळायची. “तुमचा तो नवा हिरो, फार गरीब दाखवलाय म्हणे. त्याच्या बनियनला भोक बघितलंत? झिजून पडलेल्या भोकाच्या कडेला धागे विरलेले असतात. हे सिगरेटनं पाडलंय. यांनी गरिबीसुद्धा शिंप्याकडून करून घेतली!”

अशी ती. ना जुन्यांची, ना नव्यांची. दोन्हीकडच्या शिव्या खायची आणि डबा धुऊन पुन्हा इस्त्रीला उभी राहायची.

फक्त एका माणसापुढे तिच्या तोंडाला कुलूप लागायचं. तो माणूस म्हणजे तिचा दादा.

दादा तिच्याहून चौदा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती. दादानं शिक्षण सांभाळून शिकवण्या धरल्या, घर ओढलं, आणि महिन्यातून एकदा न चुकता तिला सिनेमाला नेलं. सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचा. अंधारात तिच्या कानाशी वाकून हिंदीचं मराठी करून सांगायचा, पुढे काय होणार तेही सांगायचा. आणि मोठा प्रसंग आला की हळूच म्हणायचा, “आता बघ हं, आता रडू येईल.” तिला यायचंच. कितीतरी वर्षं ती दादानं सांगितलेल्या जागी रडत आली.

पुढे दादा शाळेत मास्तर झाला, मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाला आणि त्यानं रसिक मंडळ काढलं. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी जुना हिंदी सिनेमा दाखवायचा आणि मग त्यावर चर्चा. चर्चा म्हणजे दादा बोलायचा आणि बाकीचे माना डोलवायचे. त्याचं ठाम मत होतं की रंग आले तेव्हाच सिनेमा अर्धा गेला आणि त्याचे आवडते चार-पाच लोक गेले तेव्हा उरलेला गेला. नंतर जे झालं त्याला तो ‘हालती जाहिरात’ म्हणायचा.

मंडळाचा पडदा सेन्सॉरनं शिवला होता. घरातल्या दोन नव्या कोऱ्या चादरी जोडून, शिवण मधोमध दिसू नये म्हणून वरच्या कडेला घेऊन. दर महिन्याला ती तो घरी नेऊन धुवायची, इस्त्री करायची आणि सुरकुती पडू नये म्हणून नळीवर गुंडाळून आणायची. पडदा लावून झाला की शेवटच्या रांगेत बसायची. आठ वर्षांत तिथं तिनं एक शब्द काढला नव्हता. लॉन्ड्रीतली वाघीण तिथं मांजर व्हायची, असं रोलरवाली म्हणायची, आणि ते खरंही होतं.

मंडळाच्या शंभराव्या खेळाला दादानं त्याचा सगळ्यात लाडका सिनेमा ठेवला. गोष्ट साधी. नायिका नर्स आहे, नायक बड्या घरचा. गैरसमजातून तो भर समारंभात, जिन्यावर, सगळ्या पाहुण्यांदेखत तिच्या थोबाडीत मारतो. ती काही न बोलता वाकून त्याच्या पायांना हात लावते आणि निघून जाते. शेवटी त्याला चूक कळते, ती क्षमा करते, संपलं. जिन्याचा प्रसंग आला. दोन-तीन जणांनी रुमाल काढले.

दिवे लागल्यावर दादा उभा राहिला. त्याचा आवाज भरून आला होता. “ती थप्पड नाही, मित्रांनो. ते प्रेम आहे. एवढं प्रेम आजच्या एका तरी दिग्दर्शकाला दाखवता येईल का? आजच्या नायिकेला असं सोसता येईल का?” टाळ्या पडल्या. मग नेहमीच्या रिवाजाप्रमाणे तो म्हणाला, “कुणाला काही बोलायचंय?”

हा प्रश्न उत्तरासाठी नसायचाच. लोक खुर्च्या सरकवायला लागले होते.

“मला बोलायचंय,” शेवटच्या रांगेतून आवाज आला.

दादानं कपाळावर आठी घालून पाहिलं. सेन्सॉर उभी होती. तिनं पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

“हा सिनेमा मी आज अकराव्यांदा बघितला,” ती म्हणाली. “पहिल्यांदा बघितला तेव्हा नऊ वर्षांची होते. याच जागी रडले. आज मी रडायचं सोडून कॅमेरा कुठं कुठं जातो ते मोजलं. थप्पड मारली की आधी त्याचा हात दिसतो. मग त्याचा चेहरा, त्याचे भरलेले डोळे. मग झुंबर. मग पाहुणे. मग पुन्हा त्याचा चेहरा. मग तिची पाठ. मार कुणी खाल्ला? तिनं. मग तिचा गाल कुठाय? एवढ्या मोठ्या सिनेमात एकदा तरी तिचा गाल दाखवायचा होता.”

कुणीतरी खोकलं. ती थांबली नाही; आता थांबली तर पुन्हा कधी बोलणार नाही, हे तिला कळत होतं.

“आणि दुसरं. दुसऱ्या दिवशी ती ड्यूटीवर जाते तेव्हा तिच्या कपड्यांची घडी ताजी आहे. कॉलर कडक आहे. तिच्या खोलीत दुसरं कुणी राहत नाही. म्हणजे सगळ्यांसमोर मार खाऊन ती घरी गेली, कपडे धुतले, वाळवले आणि इस्त्री केली. ती रात्र यांनी दाखवलीच नाही. मला विचाराल तर खरा सिनेमा तिथं होता.”

मग दादा हसला. तो शाळेत उत्तर चुकलेल्या मुलाकडे बघून हसायचा, तसं हसला. “कपडे धुणाऱ्याला कलाकृतीतसुद्धा डागच दिसायचे,” तो म्हणाला, आणि लोक मोकळेपणी हसले.

तिचे कान तापले. “हो, दिसतात,” ती म्हणाली. “डाग दिसले नाहीत तर मला कामावरून काढतील.”

पुढच्या रांगेतल्या एका तरुणानं तिची बाजू घ्यायला हात वर केला. “काकू बरोबर बोलताहेत. जुने सिनेमे असेच बुरसटलेले. आता बघा, नवीन सिनेमात—”

“नवीनचं कौतुक मला सांगू नकोस,” तिनं त्यालाही सोडलं नाही. “मागच्या महिन्यातला तो तुमचा सुपरहिट. अर्धा सिनेमा हिरो तिच्या मागे मागे फिरतो. ती नाही म्हणते तर थिएटर शिट्ट्या वाजवतं. बदललं काय? कॅमेरा महाग झाला.”

“खाली बस,” दादा म्हणाला. आवाज चढवून नाही, लहानपणी सायकलच्या दांडीवरून सांगायचा तसाच.

ती बसली नाही. बोललीही नाही. आभारप्रदर्शन झालं, चहा झाला, लोक तिच्या बाजूनं वाट काढत बाहेर गेले, आणि हॉल रिकामा होईपर्यंत ती खुर्चीची पाठ धरून उभी होती. मग तिनं पडदा उतरवला आणि धुवायला घरी नेला.

शंभराव्या खेळानिमित्त मंडळाची स्मरणिका निघणार होती आणि सभासदांकडून लेख मागवले होते. तिनं लिहायचं ठरवलं. तिचा हात आजवर कपड्यांवर वॉर्डाचे नंबर घालण्यापलीकडे फारसा चालला नव्हता. कपड्यांच्या हिशोबाच्या जुन्या चिठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूला, जेवणाच्या सुट्टीत, तिनं अकरा दिवसांत दोन पानांचा मजकूर लिहिला. वर लिहिलं : ‘तिचा गाल’. जिन्याचा प्रसंग तर होताच. शिवाय आजवर पाहिलेल्या सिनेमांतल्या बायांच्या कपड्यांवरून त्यांची कामं, त्यांचे हात, त्यांची पाठ कशी गायब केलीय, हेही होतं. तिनं तो पाकिटात घालून दादाकडे पाठवला.

आठवड्यानं पाकीट परत आलं. लाल शाईनं ऱ्हस्व-दीर्घाच्या सत्तावीस चुका सुधारल्या होत्या, एक एक, अगदी मन लावून. खाली लिहिलं होतं : ‘स्मरणिकेसाठी अयोग्य.’

“एवढं शुद्धलेखन तपासायचं कशाला मग?” रोलरवाली भडकली. “फाडून टाक ते!”

“फाडू कशाला?” सेन्सॉर म्हणाली. “आता तर शुद्ध झालंय.”

तिनं लाल शाई मान्य करून लेख पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहून काढला आणि लॉन्ड्रीच्या सूचना फलकावर, ब्लीचिंगचं पाणी हाताळताना घ्यायच्या काळजीच्या सूचनेशेजारी, चार टाचण्या टोचून लावला.

सुपरवायझर धावत आले. “हे काय? इथं फक्त सूचना लावायच्या.”

“ही सूचनाच आहे, साहेब.”

“कुणाला?”

“सिनेमावाल्यांना.”

साहेबांना हसू आलं, आणि त्या हसण्यात चार दिवस निघून गेले. तेवढ्यात वरच्या वॉर्डांतल्या नर्स कपड्यांची गाठोडी द्यायला येऊन तो वाचून गेल्या होत्या. पहिलीनं खाली पेन्सिलीनं लिहिलं, ‘अगदी!’ दुसरीनं लिहिलं, ‘नर्सचे बूट कधीच दाखवत नाहीत. बारा तास उभं राहिलेल्या बाईचे बूट दाखवा.’ तिसरीनं चक्क भांडण काढलं : ‘जुन्या सिनेमांतल्या गाण्यांना नावं ठेवाल तर याद राखा!’ तिच्याखाली सेन्सॉरनं उत्तर लिहिलं, ‘गाणी मलाही पाठ आहेत. माझा वाद जिन्यापुरता आहे.’ कागद पुरेना, तसा दुसरा जोडला, मग तिसरा.

फलकावर सूचना वाचायला जागा उरली नाही तेव्हा सुपरवायझरनी सगळं काढायला लावलं. तिनं निमूटपणे काढलं. रोलरवालीनं ऑफिसातल्या यंत्रावर त्याच्या पन्नास प्रती काढून आणल्या होत्या, त्या दुसऱ्या दिवशी इस्त्री केलेल्या पन्नास कोटांच्या वरच्या खिशांत वर गेल्या.

मग मात्र मेमो आला. कामाच्या वस्तूंचा खासगी मतप्रचारासाठी वापर केल्याबद्दल ताकीद. पोच म्हणून सही करायची होती. तिनं सही केली आणि सहीच्या वर लिहिलं, ‘ताकीद मिळाली. मत तेच आहे.’ सुपरवायझरनी ते वाचलं, तिच्याकडे बघितलं आणि फाइल बंद केली.

पुढच्या खेळाचा रविवार जवळ आला. दादाला वाटलं होतं, ही आता पडदा अडवून धरणार. त्यानं आपल्या मुलीला पडदा मागायला पाठवलं. भाची दारात अवघडून उभी राहिली. आत्यानं नळीवर गुंडाळलेला पडदा तिच्या हातात दिला. बोटभरही सुरकुती नव्हती.

“दादाला सांग,” ती म्हणाली, “माझं भांडण मताशी आहे, कापडाशी नाही. आणि मी येणार आहे. पहिल्या रांगेत जागा ठेव म्हणावं.”

ती गेली, आणि पहिल्याच रांगेत बसली. तिच्यामागे रोलरवाली, निवडणीवरच्या दोघी आणि ड्यूटी संपवून आलेल्या सात नर्स. दादानं प्रास्ताविकात दोनदा चष्मा पुसला. सिनेमा संपला आणि सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, “कुणाला काही बोलायचंय?”

अकरा हात वर झाले.

त्या संध्याकाळी दादानं तिला घरी बोलावून घेतलं. वहिनीनं चहा ठेवला.

“मंडळाचा बाजार केलास,” दादा म्हणाला.

“लोक बोलले, दादा. तूच विचारलंस.”

“तुला कळतंय का तू काय करतेयस?” त्याचा आवाज फाटला. “बाबा गेल्यावर तुला द्यायला माझ्याकडे होतं काय? चांगले कपडे नव्हते, खेळणी नव्हती. महिन्याला एक सिनेमा होता. तेवढंच दिलं तुला मी. आणि आज चारचौघांत उभी राहून म्हणतेस, ते सगळं सडकं होतं.”

हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, चुकलं म्हणावं आणि मोकळं व्हावं. दादा थकलेला दिसत होता.

“सडकं म्हटलं नाही मी,” ती म्हणाली. “न आवडलेला सिनेमा कुणी अकरा वेळा बघतं का? तू दिलेलंच सांभाळतेय मी. पण दादा, नऊ वर्षांची असताना मी रडले ना, ते तू सांगितलंस त्याच्यासाठी नव्हतं. तू म्हणालास, बघ त्याला किती दुःख झालंय. मी रडत होते तिला लागलं म्हणून. ते सांगायची मला तेव्हा हिंमत झाली नाही. आता झालीय.”

“पुढच्या वेळी सभासदांसमोर एवढंच म्हण, की बोलण्याच्या भरात बोलले. मी विषय मिटवतो.”

“नाही म्हणणार.”

“माझ्यासाठीसुद्धा नाही?”

“तुझ्यासाठी पडदा जन्मभर धुईन. हे नाही.”

दादानं कप जोरात बशीत ठेवला. तेवढ्यात वहिनी दारातून म्हणाली, “मी त्या जिन्याला डोळे मिटून घेते.”

दोघांनी वळून बघितलं.

“लग्न झाल्यापासून. तुमच्याबरोबर तो सिनेमा जितक्यांदा बघितला तितक्यांदा. तुम्हाला कधी कळलं नाही. तुम्ही पडद्याकडे बघत असता.” एवढं बोलून वहिनीनं रिकामे कप उचलले आणि ती आत गेली.

सेन्सॉर उठली, चपला घातल्या आणि निघाली. समझोता वगैरे काही झाला नाही. स्मरणिका छापून आली, तिच्यात तिचा लेख नव्हता. दादानं मंडळात नवा नियम केला : प्रत्येकानं तीनच मिनिटं बोलायचं. त्याला वाटलं, तीन मिनिटांत ही काय बोलणार. तिनं लॉन्ड्रीत घड्याळ लावून, कोटाला इस्त्री करता करता, तीन मिनिटांत बोलायचा सराव केला. एका कोटाला तिला साधारण तेवढाच वेळ लागायचा. दर महिन्याला ती पहिल्या रांगेतून उठून तीन मिनिटं बोलते, आणि दादा तिला खोडून काढायला वीस मिनिटं घेतो. त्यासाठी तो आठवडाभर टिपणं काढतो, असं भाची सांगते. त्यानं तिचं एकही म्हणणं अजून मान्य केलेलं नाही. पण ‘खाली बस’ असं तो पुन्हा म्हणाला नाही.

परवा लॉन्ड्रीतल्या सगळ्या जणी दुपारच्या खेळाला गेल्या होत्या. नवा, भरपूर गाजलेला सिनेमा. थिएटर खच्चून भरलेलं. मध्यंतरानंतर हिरोनं हिरॉइनचा हात पिरगळून तिला भिंतीशी दाबलं आणि तो मोठमोठ्यानं आपली बाजू मांडायला लागला. तिनं तोंड उघडलं की तो तिला गप्प करायचा. मागच्या रांगांतून शिट्ट्या वाजल्या, कुणीतरी टाळ्या पिटल्या.

“अरे, तिला बोलू दे की!” अंधारात खणखणीत आवाज आला.

पुढचा माणूस चिडून वळला. “ओ काकू, सिनेमा आहे हा! गप्प बसा.”

“सिनेमाशीच बोलतेय मी. तुम्ही कशाला मध्ये पडता?”

टॉर्च घेतलेला माणूस रांगेच्या टोकाशी आला आणि त्यानं झोत थेट तिच्या तोंडावर मारला. रोलरवालीनं तिचा पदर ओढला. ती सरळ बसून राहिली, डोळेसुद्धा मिटले नाहीत, आणि मागून आणखी एका बाईचा आवाज आला, “बरोबर बोलल्या त्या. बोलू दे तिला!”